ई-क्लास

सावरगावचे एकोणचाळीस मीटर संपवून
मी कोळझऱ्याकडे निघतो तेव्हा दहा वाजलेले असतात
आणि डांबर चाक सोडायला तयार नसतं.
दुपट्टा भिजवून डोक्याला बांधला
तर फाट्यापर्यंत वाळतो.
फाट्यावर पुन्हा हापशी.

मधले साडेसहा किलोमीटर
तलाठ्याच्या नकाशावर कोरे आहेत :
ई-क्लास. पडीक.
डांबर सोडून मी बैलगाडीची चाकोरी धरतो,
लांब पडते,
पण वहीच्या मागच्या पानांसाठी एवढं करावं लागतं.

पुढच्या पानांवर युनिट.
गुलाब ढोके, चार हजार चारशे अठरा.
विमल इंगोले, दार बंद.
मागच्या पानांवर :
नेपती, एक, नाल्याकाठी. पान म्हणून नाही,
नुसत्या हिरव्या काड्या, आणि त्यांना विटकरी फुलं,
कुणी दुसऱ्या झाडाची आणून अडकवल्यासारखी.
रोही, पाच. नर मला पाहून हलला नाही,
खड्ड्यात घंटी आपोआप वाजली तेव्हा उधळला.
खोकड, अर्धं. म्हणजे शेपूट,
काळं टोक बिळात जाताना.
मी पायडल थांबवलं होतं, चेन मात्र बोलली.
तरवड : मोजली नाही. सगळीकडे पिवळी.

मोटरसायकल घ्या म्हणते वैशाली,
पन्नाशी आली, हप्त्यानं घ्या.
घेतली असती तर मला पळस दिसला असता,
पळस कुणालाही दिसतो.

एप्रिलच्या अठरा तारखेला
हिवराचा काटा मागच्या चाकात गेला,
पांढरा, बोटाएवढा, आत मोडलेला.
मी उतरलो, सायकल आडवी करायला वाकलो
तर बांधाच्या अंगानं आवाज आला,
"आडवी करू नोका, साहेब. पाय उचला.
थो नाई. दुसरा."

शेळ्या घेऊन सुपडाबाई उभी होती, पारधी बेड्यावरची.
तिथं मीटरच नाहीत, म्हणून आमची ओळख नव्हती.
तिनं काठीनं दाखवलं.
मला लेंड्या दिसल्या, खडे दिसले,
जळलेल्या गवताचा एक बुडखा.
तिनं परत दाखवलं.
तिसऱ्यांदा दोन लेंड्या जरा मोठ्या झाल्या
आणि त्यांच्यावर ठिपके आले.
माझ्या चपलेपासून चार बोटं.

"टिटवीची?" मी म्हणालो, माहितगारासारखा.
"टिटवी असती तं गाव गोया केला असता तिनं.
हे येगळं. पयते, थांबते, वाकते,
मंग पुन्हा पयते. थे पाहा."

पाहिलं. मातीचाच एक तुकडा सुटून पळत होता,
पांढऱ्या पायांवर,
डोळ्यावरून मागे ओढलेली काळी रेघ,
थांबला की पुन्हा माती.

आम्ही तीस पावलं मागे सरकलो.
मी ट्यूब काढली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली,
तेवढ्यात ते आलं
आणि अंड्यांवर बसलं नाही.
उभंच राहिलं, पंख जरा सैल करून,
चोच उघडी, गळा धडधडत.
"उबवत कावून नाई?"
"चव्वेचाळीसच्या उन्हात काय उबवतं, बाप्पा.
सावली धरते थे."

पंप मारताना मी आवाज न करण्याचा प्रयत्न केला.
पंप ऐकत नाही कुणाचं.
सुपडाबाई शेळ्या लांबून वळवून घेऊन गेली,
एवढा फेरा, दोन लेंड्यांसाठी,
आणि जाताना म्हणाली, "कोनाले सांगसान नोका."

कोळझऱ्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता.
पाटलाच्या सुनेनं ऐकवलं, माणसं जेवून झोपली की येता.
अकरा दारं बंद लिहिली.
मागच्या पानावर लिहिलं, धाविक, एक, अंडी दोन.
ठिकाणाच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं,
मग लिहिलं, ई-क्लास.

रात्री मोज्यातली कुसळं ओढून काढताना
वैशालीनं विचारलं, आज का उशीर?
पंक्चर, म्हटलं.
ती म्हणाली, म्हणून म्हणते मी.